हळदीतला निळा उजेड

उजेडावर इतका संशय घेणारा माणूस शहापूर-मुरबाडात माझ्या साडूंखेरीज दुसरा सापडायचा नाही. मुलगी बघायला गेले तेव्हा ट्यूबलाइटखाली बसलेल्या माझ्या मेहुणीला त्यांनी आधी उन्हात, अंगणात आणायला लावलं होतं. आजही साडीच काय, वांगीसुद्धा ते दुकानाबाहेर नेऊन निरखतात. किन्हवलीत त्यांचा मांडवाच्या रोषणाईचा धंदा. रंगीत एलईडी तापले की लाल मंदावतो आणि पांढरा उजेड निळसर पडतो, हे त्यांना सहन होईना. म्हणून त्यांनी दिव्यांना सेन्सर जोडला. मंचावरून परतणारा उजेड तो पाही आणि जास्त झालेला रंग कमी करून कमी पडलेला वाढवी. "मानूस चुकंल, ह्यो डोळा चुकायचा नाय," असं ते ज्याला त्याला ऐकवत.

तो चुकला नेमका त्यांच्या मुलीच्या हळदीला. संध्याकाळी मुरबाडहून पाहुणे नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आले. मांडवात पडदे पिवळे, साड्या पिवळ्या, नवरीही पिवळी. सेन्सरला वाटलं, पिवळा फारच झाला. त्याने निळा वाढवला. पोरीचा चेहरा राखेसारखा दिसू लागला. नवऱ्याची आत्या हातात वाटी धरून जागीच थांबली.

"पोर आजारी हाय काय गो? आमाला कोन काय बोललं नाय."

वाजंत्री थांबली. घाबरून बायकांनी आणखी हळद फासली, तसा सेन्सरने आणखी निळा ओतला. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, एकजण तर गाडीकडे निघालाही. साडू वायरी चाचपत होते, मेहुणी रडायच्या बेतात होती.

शेवटी नवरीच ओरडली, "बाबा, त्याला निस्ती हळद दिसते! कायतरी पांढरं दाखवा त्याला!"

साडूंनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि शिडीवर चढून सेन्सरसमोर धरली. बघता बघता उजेड पांढरा झाला, पोर झळाळली. आत्या हसली आणि तिने वाटीत बोटं बुडवली.

पण साडूंचा हात जरा खाली आला की निळं व्हायचं. साऱ्या गावाने हळद लावली आणि बाप मात्र शिडीवरच राहिला. सगळं आटोपल्यावर ते खाली उतरले, तेव्हा पोरीने आपले हळदीचे दोन्ही गाल त्या टोपीला पुसले. मला ते पाहवलं नाही.

पोर सासरी गेली. हळद लागलेली ती टोपी साडूंनी अजून धुतलेली नाही, ओटीवर खुंटीला टांगून ठेवलीय. तिथल्या दिव्याचा सेन्सर त्यांनी त्या टोपीकडेच वळवून ठेवलाय, त्यामुळे ओटीवरचा उजेड जरासा निळसर असतो. परवा मी म्हटलं, जरा दुरुस्त करून घ्या.

"ऱ्हाऊ दे," साडू म्हणाले. "बरोबर दाखवतोय तो."