भाजणीच्या डब्यातली किल्ली

लेस्टरच्या मराठी मंडळात कुणी नवीन आलं की गणपतीची आरती संपायच्या आत त्याला सांगतात, "त्या आसावरीताई आहेत ना, त्या बंदूक मारतात हं!" मारतात काय, मारतात? डास आहेत का? नेमबाजी करायची ती. आणि "करायची" असं मला म्हणावं लागतंय, याचाच सगळा संताप आहे.

मी तिचा नवरा, शशिधर. मूळचा पुण्याचा. राग मला लवकर येतो आणि आला की मुक्कामाला राहतो. हे आधीच सांगतो, मागाहून तक्रार नको.

आसावरी नागपूरची. उंची चार फूट अकरा इंच. कॉलेजात एनसीसीत होती, तिथं रायफल हातात आली आणि पदकं घेऊन घरी आली. पुढं लग्न, मग हे इंग्लंड, मग इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. दिवसभर लोकांचं रक्त तपासते. स्वभावही तसाच. अंदाज नाही, ठोकताळा नाही, आधी मोजेल आणि मग बोलेल. आमच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तारीख. हिंगाच्या डबीवरसुद्धा.

दोन हजार एक साली ती गावाबाहेरच्या शूटिंग क्लबात दाखल झाली. पहिल्या दिवशी तिथल्या क्लाइव्ह नावाच्या गृहस्थानं तिला विचारलं, "चहा तयार आहे का?" त्याला वाटलं, कुणा मेंबरची बायको आलीये, कँटीन सांभाळायला! मी तिथंच होतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ही मात्र म्हणाली, "चहाचं माहीत नाही, मी लेन चारवर आहे." आणि चारवर जाऊन दहाच्या दहा गोळ्या काळ्या वर्तुळात घातल्या. क्लाइव्हनं स्वतःचा चहा स्वतः केला.

या देशात सत्त्याण्णव सालापासून पिस्तुलं बंद. मग पिस्तुलाची हौस असलेल्यांनी वाट काढली ती कार्बाइनची. आखूड रायफल, पण काडतुसं पिस्तुलाची. दर गोळीनंतर खालचा लिव्हर पुढं ढकलून मागं ओढायचा, की पुढची गोळी वर येते. पंचवीस मीटरवर टार्गेट काही सेकंद तोंड दाखवतं आणि वळतं, तेवढ्यात सगळं उरकायचं. आसावरीनं हा प्रकार बघितला आणि घरी येऊन म्हणाली, "अहो, मला हेच करायचंय." त्यासाठी आधी पोलिसांची मंजुरी.

पोलिसांचा माणूस घरी आला. सभ्य होता, बूट दारात काढले. भिंतीला बोल्टनं ठोकलेलं लोखंडी कपाट हलवून बघितलं आणि म्हणाला, "किल्ली फक्त तुमच्याकडे. ती कुठं ठेवता ते घरात दुसऱ्या कुणालाही कळता कामा नये."

"मलाही नाही?" मी विचारलं.

"तुम्हालाही नाही, सर. बंदुकीचं सर्टिफिकेट त्यांच्या नावावर असेल."

घ्या! बावीस वर्षं संसार केला. बँकेचा पिन एक, टूथपेस्ट एक, आणि माझ्याच घरातल्या किल्लीला मी परका! तो माणूस गेल्यावर मी दोन तास बोलत होतो. आसावरीनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "नियम आहे. झालं." मला ती गोष्ट लागली ती लागलीच. उठता-बसता मी तिला टोमणे मारायचो, "आम्ही कोण बाई, आमच्या हाती किल्ली नाही."

मंजुरी एकाच कार्बाइनची होती, आणि आठवड्याला बदलायची वस्तू नव्हे ती. तेव्हा क्लबमधल्या तीन कार्बाइन तिनं आठ रविवार वापरून बघितल्या. एक चकचकीत पितळी अंगाची, हलकी. दुसरी अष्टकोनी नळीची, जड. तिसरी अगदी साधी, काळी, गोल नळीची. क्लाइव्ह म्हणाला, "बायकांनी हलकी घ्यावी." जसं काही पर्स घ्यायला आलीये!

हिनं वही उघडली. जड कार्बाइन सुरुवातीला दगडासारखी स्थिर, पण चाळीस गोळ्यांनंतर डावा हात खाली यायला लागतो आणि गोळ्याही खाली पडायला लागतात. हलकी खांद्याला धक्का जास्त देते आणि दर गोळीनंतर नळी जागेवर यायला वेळ घेते. त्यातून ती आखूड काडतुसांवर रुसायची, दोनशेत सहा वेळा अडकली. मॅचमध्ये एकदा अडकली तरी खेळ खलास. साधी काळी तीनशेत एकदाही अडकली नाही. पंचवीस मीटरवर तिच्या दहा गोळ्या चहाच्या बशीत मावायच्या. फक्त खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता हिच्या हाताला लांब होता, तो एक इंच कापून घ्यायचा. शेवटी तिनं लिहिलं, "रविवारी दुपारी पत्र्याच्या थाळ्या उडवायच्या असतील तर पितळी घ्या, फार मजा येते. मॅच खेळायची असेल तर काळी."

क्लबचा सेक्रेटरी रॉजर, एरवी कुणाला चांगलं म्हणायला त्याच्या जिवावर यायचं. त्यानं ती पानं नोटीस बोर्डावर लावली. मी बोर्डासमोर उभा राहून फोटो काढून घेतला. आसावरी म्हणाली, "अहो, शोभतं का हे?" मला शोभत होतं.

तिनं काळी कार्बाइन घेतली, आणि पुढं दोन हजार सातच्या सप्टेंबरात टीममध्ये तिचं नाव लागलं. चार जणांची टीम, ऑक्टोबरअखेरची मोठी मॅच. त्याआधी पाच वर्षं ती राखीव होती. पाच वर्षं! दुसऱ्यांच्या काडतुसांच्या पेट्या उचलायच्या, टाळ्या वाजवायच्या आणि घरी यायचं. रात्री जेवताना तिनं मला ते नाव लागल्याचं तीन वेळा सांगितलं. एकच गोष्ट तीनदा सांगणारी बाई नव्हे ती.

मॅचच्या आठ दिवस आधी खंडेनवमी आली. आता खंडेनवमीला हत्यारांची पूजा आपण करतो की नाही? मी दरवर्षी करतो. ड्रिल, गवत कापायचं मशीन, विळी, लॅपटॉप, सगळं पाटावर. म्हटलं, "आसावरी, घरात खरंखुरं शस्त्र आहे. उद्या तेवढी कार्बाइन ठेव पाटावर."

"ती कपाटातून निघते ती रेंजवर जायला. बास."

"अगं, पाच मिनिटं. तुझंच भलं होईल."

"नाही म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी शनिवार, तिची लॅबमध्ये ड्यूटी. मी एकटा. दुपारी भूक लागली, म्हटलं थालीपीठ लावू. वरच्या फळीवर मागं एक डबा दिसला. चिठ्ठी होती, "भाजणी, मार्च २००४, खराब, वापरू नये." मी वाचलं आणि थबकलो. ही बाई खराब भाजणी तीन वर्षं घरात ठेवेल? शक्य आहे का? शिवाय आम्ही पुण्याचे. खराब म्हणजे किती खराब, हे बघितल्याशिवाय आम्ही काही टाकत नाही. हात घातला आणि किल्ली हाताला लागली.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मी कपाट उघडलं. कार्बाइन पाटावर ठेवली, गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, कुंकवाच्या अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. हात जोडून म्हणालो, "बाई गं, पाच वर्षं थांबलीये ती. तिची लाज राख." मग सगळं स्वच्छ पुसलं, जागच्या जागी ठेवलं, किल्ली भाजणीत पुरली आणि सँडविच खाल्लं.

मॅचच्या दिवशी पहिल्या दोन फेऱ्यांत आसावरी टीममध्ये सगळ्यांत पुढं होती. क्लाइव्हच्याही पुढं. तिसरी फेरी सुरू झाली. टार्गेट वळलं, एक, दोन, तीन गोळ्या, आणि चौथ्या वेळेला लिव्हर अर्ध्यावर अडकला. तिनं एकदा जोर लावला, मग नियमाप्रमाणं हात वर केला. टार्गेट आपलं वळून गेलं.

रेंज ऑफिसरनं कार्बाइन रिकामी केली, बाजूच्या झडपेत टॉर्च टाकला आणि चिमट्यानं एक दाणा बाहेर काढला. तांदळाचा. तांबडा. काडतुसं जिथून आत सरकवतात तिथून पडून तो नेमका गोळी वर उचलणाऱ्या पट्टीखाली जाऊन बसला होता.

आसावरीनं तो दाणा बघितला आणि मग मागं वळून माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत होतो.

टीम शेवटून दुसरी आली. परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "किल्ली कुठं सापडली?"

"भाजणीत."

"चिठ्ठी वाचली नाहीत?"

"वाचली म्हणून तर सापडली."

मग ती म्हणाली, "गुरुवारी कमिटी बोलावेल. मी सांगेन, साफसफाई माझ्याकडून कमी पडली. तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. शपथ आहे माझी."

"अगं पण चूक माझी, आणि तू का..."

"एक अक्षर नाही."

आता सांगा, कुणाला सहन होईल? गुन्हा कुणाचा आणि माफी कोण मागतंय? चार दिवस माझं डोकं भणभणत होतं. ती का गप्प बसायला सांगतेय हे मी तिला विचारलंच नाही. माझ्या रागानं मला विचारू दिलं नाही, असं म्हणा.

गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या खोलीत कमिटी बसली. मला मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी होती. आसावरी उभी राहिली आणि म्हणाली, "कार्बाइन माझी, जबाबदारी माझी. मी नीट तपासायला हवी होती." रॉजरनं मान हलवली. म्हणाला, "तीन महिने टीमबाहेर. फेब्रुवारीपासून परत यायचं. माझ्या दृष्टीनं विषय संपला."

संपलाच होता हो! तीन महिने म्हणजे काय? पाच वर्षं काढली तिनं, तीन महिने चुटकीसरशी गेले असते. पण क्लाइव्हला राहवेना. म्हणाला, "तरी मी म्हणत होतो. या लोकांच्या घरात बंदूक म्हणजे स्वयंपाकाचंच भांडं. भात सांडतात तिच्यावर!"

मी ताडकन उठलो. खुर्ची मागं पडली.

"भात? ओ मिस्टर, अक्षता आहेत त्या! पूजा केली होती तिची, पूजा! तुमच्या सात पिढ्यांत कुणी हत्याराचा इतका मान ठेवलाय का? आणि तिनं काही केलेलं नाही. ती ड्यूटीवर होती. कपाट मी उघडलं, पूजा मी केली, अक्षता मी टाकल्या. शिक्षा करायची तर मला करा!"

वा! काय बोललो मी! मी आसावरीकडे बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

मग रॉजरनं अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, किल्ली तुम्ही कुठून घेतली?"

"भाजणीच्या डब्यातून," मी सांगितलं. भाजणी म्हणजे काय, तेही सांगितलं.

रॉजरनं पेनाला टोपण लावलं. "आसावरी," तो म्हणाला, "हे मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. पण ऐकलंय. मला पोलिसांना कळवावं लागेल." तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. साफसफाई कमी पडली तर तीन महिने. किल्ली दुसऱ्याच्या हाती लागली तर सर्टिफिकेटच जातं. किल्लीचा नियम त्या बूट काढून आलेल्या माणसानं माझ्या तोंडावर सांगितला होता. मी त्यातला फक्त माझा अपमान लक्षात ठेवला होता.

आई माझी म्हणायची, "शशी, उचलली जीभ लावली टाळ्याला." मेली बिचारी सांगून सांगून.

मंगळवारी दोन पोलीस आले. आसावरीनं कपाट उघडलं, कार्बाइन रिकामी असल्याचं त्यांना दाखवलं, कापलेल्या दस्त्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि दिली. सही केली. दीड महिन्यानं पत्र आलं, सर्टिफिकेट रद्द. मी अपील करू म्हणालो, वकील बघू म्हणालो, खासदाराला लिहू म्हणालो. ती म्हणाली, "काय लिहिणार? झालं ते खरंच आहे." चूक पोलिसांची नव्हती, हे मला अजूनही कबूल करवत नाही. क्लाइव्हची होती. थोडी क्लाइव्हची होती. उरलेली कुणाची ते मला माहीत आहे.

ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलायला हवं होतं. ताटं आपटायची, माहेरी फोन करायचा, काहीतरी करायचं. वही तिनं रॉजरला देऊन टाकली, नव्या मेंबरांना कार्बाइन निवडायला उपयोगी पडेल म्हणून.

पत्र आलं त्या संध्याकाळी तिनं वरच्या फळीवरचा तो डबा काढला. जुनी भाजणी कचऱ्यात ओतली, डबा घासला, चिठ्ठी खरवडून काढली. किल्ली पुसून माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "आता तुम्हाला माहीत असली तरी चालते."