पाटावरचा चौथा नाग

इथले अनुभव मी बरेच दिवस गुपचूप वाचते. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे वाचून हसलेय. चकवा लागला, कुणीतरी हाक मारली... मला कधीच पटलं नाही. मी अंबाजोगाईत एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. जे तपासता येत नाही ते नाहीच, असा माझा स्वभाव. सासूबाई म्हणतात, "हिला देवाचा पन रिपोर्ट लागतो."

तरी लिहितेय. कारण ज्या गोष्टीचा मला आजवर उलगडा झाला नाही, तिचं श्रेय लोक मला देतात. आणि ते मी घेत आले.

आमच्याकडची पद्धत आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी, चतुर्थीला, बायका भावासाठी उपवास धरतात. पंचमीला विळी-चाकू बंद, तवा पालथा, तळण नाही, जमीन उकरायची नाही. सगळं उकडलेलं... पुरणाची दिंडं वगैरे. माझ्या सासरी पाटावर उगाळलेल्या चंदनाने नाग काढतात. घरातल्या प्रत्येक बाईने आपल्या भावाच्या नावाने एक. सासूबाईंचा एक, जाऊबाईंना दोन भाऊ म्हणून दोन, आणि माझा एक... दत्ताचा. मग लाह्या-दूध, हळदकुंकू. पाट दुसऱ्या दिवशी धुवायचा. बस, एवढंच.

दत्ता माझा धाकटा भाऊ. पालीला शेती करतो, आई त्याच्याकडे असते. काही वर्षांपूर्वी पंचमीच्या थोडं आधी आमचं भांडण झालं. आईचे गुडघे पार गेले होते, मी तिला अंबाजोगाईला न्यायचं म्हणत होते. इथे मोठे दवाखाने आहेत, ओळखी आहेत. तो ऐकेना. लोक काय म्हणतील, पोरगा असून आई लेकीकडं! शेवटी चारचौघांत मला म्हणाला, "ताई, तू पाव्हणी हाइस. पाव्हणीसारखी ये, जेव, आन जा."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पंचमीला लेकी माहेरी जातात. मी गेले नाही.

आणि चतुर्थीला मी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून भजी खाल्ली. भूक लागली म्हणून नव्हे, रागाने. एक प्लेट संपवून दुसरी मागवली. पाव्हणीने कशाला उपाशी मरायचं? घरी येऊन "उपवास आहे" म्हणून सांगितलं आणि पाणी पिऊन झोपले. हे कुणालाच माहीत नव्हतं.

पंचमीला सकाळी सासूबाईंनी देवघरात पाट मांडला. त्यांनी काढला, जाऊबाईंनी काढले.

"सुनंदा, तुझा ऱ्हायला की."

"काढते, हात ओले हायत."

मी काढला नाही. पूजा झाली, तीन नागांची. मी हात जोडले आणि मनात म्हटलं, बस आता. कुणी परत मोजायला आलं नाही.

दुपारी सगळ्या बायका गल्लीतल्या लिंबाला बांधलेल्या झोक्यावर गेल्या. सासूबाई आमच्याच ओट्यावर बसून लांबूनच जाऊबाईंना ओरडत होत्या, "अगं कंबर मोडून घेशील, वय बघ!" मी डोकं दुखतंय म्हणून आत पडले होते. घराला दार एकच, आणि दारात सासूबाई. हे लक्षात ठेवा.

फोन वाजला. भावजय. आधी नुसतं रडणं.

"ताई... त्येन्ला पान लागलं वो! हिरीवरची मोटार चालू कराया गेलते, स्टार्टरच्या डब्यात हात घातला..."

आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. नाग होता. दत्ताला बीडला नेत होते. मी उठले. पर्स देवघराच्या कोनाड्यात होती, ती घ्यायला गेले...

पाटावर चार नाग होते.

तीन वाळून पांढुरके झालेले. चौथा ओला. मी बोट लावलं, बोटाला चंदन आलं. आणि त्याच्या शेपटीला वेढा होता, गाठीसारखा. माझी आई तसा काढते. "भाऊ गाठीत बांधलेला बरा, लांब जात न्हाई," म्हणते. सासरी सगळ्यांच्या शेपट्या सरळ. ती गाठ या घरात माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती, आणि मी इथे ती कधीच काढली नव्हती. सासरच्या पद्धतीने सरळच काढायचे.

हातात मोबाईल होता! एक फोटो काढायचं सुचलं नाही. याचा मला आजही इतका संताप येतो की काय सांगू.

बीडला पोचेपर्यंत मी त्याला मेलेला धरून चालले होते. मीच मारला, असं वाटत होतं. उपवास मानत नव्हते, तरी वाटत होतं. वॉर्डात गेले तर पठ्ठ्या कॉटवर बसून चहा पितोय. मनगटावर दातांच्या दोन खुणा स्पष्ट. विष अंगात गेलंच नाही म्हणाले डॉक्टर. रक्ताचा रिपोर्ट मी स्वतः पाहिला. नॉर्मल.

मला बघून तो रडायला लागला. सगळ्या वॉर्डासमोर पाया पडला.

"तुज्या उपासानं वाचलो, ताई. मी तुला तसलं बोललो आन तू तरी उपास धरलास."

तेव्हाच बोलायला हवं होतं. भावजय पदराने डोळे पुसत होती, शेजारच्या कॉटवरची म्हातारी म्हणत होती, "बहीण असावी तर अशी." मी त्याला उठवून कॉटवर बसवलं.

नाग चावूनही कधी विष सोडत नाही. हे मला माहीत आहे, कृपा करून कमेंटमध्ये कुणी समजावू नका. माझा प्रश्न तो नाहीच. माझा प्रश्न पाटावरचा आहे.

घरी परतल्यावर सासूबाईंना विचारलं. "मी न्हाई बा. तूच काढला असशील."

"मी काढला नाही."

"मंग बोटाला चंदन कुठून आलं?"

घ्या! जाताना त्यांनी माझं बोट पाहिलं होतं. मी बोट लावून पाहिलं, हे कितीदा सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "टेन्शनमध्ये काढला असंल, ध्यानात न्हाई ऱ्हात." नवरा म्हणाला, "सोड ना आता, भाऊ वाचला ना?" आईला विचारलं तर ती म्हणाली, "माजे गुडगे मोरीपस्तोर नेईनात, मी अंबाजोगाईला येऊन नाग काढू?" पाट तोवर धुऊन उभा करून ठेवलेला. संपलं.

पुढे दत्ताने आईला स्वतः आणून माझ्याकडे सोडलं, दवाखाना होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. दर पंचमीला न्यायला येतो. आणि दिसेल त्याला तीच कथा सांगतो, ताईचा उपास, ताईचा उपास. जे भांडून मिळालं नाही ते सगळं मला भजी खाऊन मिळालं. याचा राग कुणावर काढायचा?

या पंचमीला पालीच्या अंगणात तो आपल्या नव्या जावयाला तेच सांगत होता. आई भिंतीला टेकून ऐकत होती. जावई उठून हात धुवायला गेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"दत्ता, त्या दिवशी मी भजी खाल्ली होती. स्टँडवर. उपवास धरलाच नव्हता. नाग पण काढला नव्हता."

मला वाटलं, आता हा उठून जाईल.

"किती खाल्लीस?"

"दोन प्लेट."

"लईच रागावलतीस की बे!" म्हणून हसला तो. मला, मोठ्या बहिणीला, बे! मीही हसले, रडत रडत. मग हसता हसता तो थांबला. मनगटावरच्या त्या दोन डागांवरून अंगठा फिरवत राहिला बराच वेळ. आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, नाही.

"मंग ताई," तो हळूच म्हणाला, "माजा उपास धरला कुणी?"

मला माहीत नाही. इतकी वर्षं मी तेच विचारतेय, फक्त आता आम्ही दोघं विचारतो.