पंधराव्या किलोमीटरला

दर रविवारी दुपारी अडीच वाजता आल्बान फाय लाउटरग्रुंडच्या वृद्धाश्रमासमोर गाडी उभी करी, तेव्हा लिओबा दाराजवळच्या बाकावर आधीच येऊन बसलेली असे. मांडीवर पर्स, पायांत फिरायला जायचे बूट, डोक्याला निळा रुमाल. आपण कोणाची वाट पाहतो आहोत हे तिला सांगता येईलच असं नव्हतं. कुठे जायचं ते मात्र पक्कं ठाऊक असे.

"वर," ती म्हणे.

वर म्हणजे पठारावर. लाउटरग्रुंडच्या चर्चपासून निघून सफरचंदांच्या बागांमधून, मग देवदारांच्या सावलीतून चढत तो रस्ता उघड्या माळावर येई आणि होखवीजनच्या डेअरीपाशी संपे. बरोबर तीस किलोमीटर. नकाशात त्याला चार आकडी नंबर होता, पण दोन्ही टोकांची माणसं त्याला नुसतं 'रस्ता' म्हणत, जणू जगात दुसरा नव्हताच.

त्या रस्त्यावर आल्बानने अडतीस वर्षं नोकरी केली. उन्हाळ्यात कडेचं गवत कापायचं, पावसाळी दिवसांत चर मोकळे करायचे, वसंतात खड्डे बुजवायचे. नोव्हेंबर लागला की दोन्ही कडांना पुरुषभर उंचीचे लाल-पांढरे खांब रोवायचे, म्हणजे सगळं पांढरं झाल्यावर बर्फ ढकलणाऱ्या गाडीला रस्ता कुठे संपतो ते कळे. आता तो एकाहत्तर वर्षांचा होता. डोळे मिटले तरी अजून त्याला तो रस्ता पायाखालून सरकताना जाणवे, झोप लागण्याआधी होडी हलावी तसा.

लिओबाने सरकारचा एक दिवसही पगार घेतला नव्हता. पण रस्ता तिचाही तितकाच होता. फोन त्यांच्या घराच्या बोळात भिंतीला लावलेला होता, आणि आल्बान तर दिवसभर बाहेर. रस्त्यावर काही झालं की पोलीस किंवा जवळचा शेतकरी घरी फोन करी, तो लिओबा घेई. नाव-गाव विचारण्याआधी ती विचारी, "कितवा किलोमीटर?" मग कॅलेंडरचं कालचं पान फाडून त्याच्या पाठीवर आकडा आणि दोन शब्द लिही आणि आल्बान आला की कॉफीच्या थर्मासबरोबर त्याच्या हातात ठेवी. काम झालं की ते पान शेगडीत जाई. अडतीस वर्षांतलं एकही पान उरलं नव्हतं. होतं ते सगळं लिओबाच्या डोक्यात.

आणि नवल असं, की डोक्यातलं बाकी सगळं ओसरत गेलं तरी तेवढं राहिलं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग धाकट्या बहिणीचं. मग एका सकाळी तिने आल्बानकडे पाहून अगदी अदबीने विचारलं, "तुम्ही कॉफी घेणार का?" लग्नानंतर सेहेचाळीस वर्षांनी ती त्याला 'तुम्ही' म्हणाली. त्याने कॉफी घेतली. काय करणार?

पण रस्त्यावर गाडी लागली आणि कडेची किलोमीटरची पाटी दिसली, की तिच्या चेहऱ्यावर आतून कोणी दिवा लावावा तसं होई.

"चार," ती वाचे. "नवरीच्या गाडीचं चाक निघालं. मग ती गवत कापायच्या ट्रॅक्टरवर बसून चर्चला गेली. झग्याला सगळं गवत!"

"ट्रॅक्टर कोण चालवत होतं?"

"रस्त्यावरचा कोणीतरी. भला माणूस होता."

तो भला माणूस स्टिअरिंग धरून गालात हसे.

सहाला अँब्युलन्समध्ये मुलगी जन्मली होती. एकवीसला डुकरांचा ट्रक उलटला होता आणि डुकरं माळभर पसरून दोन दिवस हाती लागली नव्हती. पण या सगळ्यांत महत्त्वाचं ते नऊ. नवव्या किलोमीटरला एक वळण होतं आणि वळणावर रोवनचं झाड; ऑगस्टपासून लाल घोसांनी लदलेलं. ते वळण जवळ आलं, की लिओबा बोलायची थांबे. डोक्यावरचा रुमाल सारखा करी.

"नऊ," ती हळूच म्हणे. "इथे एक मुलगा भेटला. माझ्या मोपेडची साखळी पडली होती. त्याने बसवून दिली. पण त्याच्या हाताला डांबर होतं, ते माझ्या नव्या ब्लाउजला लागलं. अजून निघालं नाही."

"मग? त्याचं काय केलंस?"

"ब्लाउजचं?"

"मुलाचं."

"ठेवला," लिओबा म्हणे, आणि त्याच्याकडे वळून पाही. मग पुढचा सगळा प्रवासभर ती त्याला 'तू' म्हणे. वर पोचल्यावर डेअरीसमोरच्या बाकावर बसून ती प्लमचा केक खाई आणि म्हणे, "आल्बान, तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय, लक्षात कसं येत नाही तुझ्या?" तेवढ्यासाठी आल्बान आठवडाभर जगे. त्या दिवशी मुद्दामच तो बटण तुटलेला शर्ट घालून येई.

सप्टेंबरच्या शेवटी बिआंका त्याच्या घरी आली. त्याच्या जागेवर आता तीच रस्ता बघायची. चाळिशीची, दणकट, तोंडाने फटकळ बाई. रस्त्यावर काम करणाऱ्यांत 'तुम्ही' चालत नाही. ती पहिल्या दिवसापासून त्याला अरे-तुरे करी.

"बस, आणि खुर्ची धरून बस," ती म्हणाली. "खालचा नवा वळणरस्ता सुरू झाला ना? ट्रक सगळे तिकडून जाणार. आपला रस्ता राज्याने जिल्ह्याला देऊन टाकला."

"देऊ दे की. रस्ता कुठे जाणार नाही."

"रस्ता नाही जाणार. पाट्या जाणार. जिल्हा मोजतो तो वरच्या अंगाने. होखवीजनला शून्य, आणि इथे चर्चपाशी तीस."

आल्बानने कप खाली ठेवला. "उलटं?"

"उलटं. ऑक्टोबर संपायच्या आत."

बिआंकाला रविवारच्या फेरीबद्दल माहीत होतं. सगळ्या रस्त्यालाच माहीत होतं. ती खुर्चीत चुळबुळली आणि मग खिडकीकडे पाहत म्हणाली, "नऊची पाटी राहिली तिथेच, तर कोण बघायला येतंय? मी विसरले म्हणेन. विसरभोळी आहेच मी."

आल्बानच्या ओठांवर हो आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात त्याला एगोन आठवला.

एगोन दुधाची गाडी चालवायचा. आल्बान नोकरीला लागला त्याच्या दुसऱ्या वर्षी गवत कापताना बाराव्या किलोमीटरची पाटी पात्याला लागून उखडली. आल्बानने ती नजरेच्या अंदाजाने परत रोवली. अंदाज दोनशे मीटर चुकला, आणि नेमकं मधे वळण होतं. त्या हिवाळ्यात धुक्यात एगोनची गाडी रस्त्यावरून उतारावर कोसळली. फोन करणाऱ्याने पाटीची जुनी जागा धरून 'बारा' सांगितलं; अँब्युलन्स बाराच्या पाटीपाशी येऊन थांबली, तिला काहीच दिसेना. एगोन वळणापलीकडे तासभर बर्फात पडून राहिला. वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. तक्रार त्याने कधी केली नाही. आल्बानला टोपणनाव मात्र दिलं.

आता एगोनही त्याच वृद्धाश्रमात होता. दर रविवारी काठी उंचावून ओरडायचा, "काय दोनशे मीटर! आज तरी रस्त्यावरच राहा!" आणि आल्बान दर रविवारी टोपी काढायचा.

"नको," तो बिआंकाला म्हणाला. "नऊच्या आसपास कोणी पडलं तर? पाटी लागली पाहिजे. पण ती मला लावू दे."

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने ती लावली. रोवनची फळं पक्ष्यांनी निम्मी खाल्ली होती. अंतर मोजत आलेली बिआंका चाकाची काठी घेऊन बाजूला उभी राहिली. जुना नऊ त्याने उपटून तिच्या गाडीत ठेवला आणि त्याच खड्ड्यात एकवीस रोवला. ओळंबा लावला, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, परत आला आणि अर्ध्या बोटाने सरळ केला.

"इतका सरळ तर आमच्या गावचा पाद्रीही उभा राहत नाही," बिआंका म्हणाली. तो हसला नाही.

पुढच्या रविवारी दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. एगोन दारात होता. त्याने काठी उंचावली, काही म्हणायला तोंड उघडलं, आल्बानचा चेहरा पाहिला आणि नुसताच हात केला.

लिओबा गाडीत बसली. चर्चला वळसा घालताच पहिली पाटी आली. पांढरीशुभ्र, नवी कोरी.

"तीस," लिओबाने वाचलं आणि चकित होऊन त्याच्याकडे पाहिलं. "पोचलो पण? मग केक कुठे आहे?"

आल्बानने गाडी कडेला घेतली आणि डबा उघडून तिला केक दिला. दुसरं काय करणार? अर्धा केक तिने तिथेच, चर्चच्या घड्याळाखाली, मोठ्या समाधानाने खाल्ला. उरलेला अर्धा हातरुमालात बांधला.

मग ते वर निघाले. धुकं काचेवर येई आणि बाजूला होई, बागांतली सफरचंदं त्यातून एकेकटी, फांदीवाचून लटकल्यासारखी दिसत. आणि लिओबा पठारावरच्या गोष्टी दरीत सांगत चालली. अठ्ठावीसला, भोपळ्यांच्या शेताशेजारी, तिने माणसाएवढ्या उंच बर्फाची गोष्ट सांगितली. सव्वीसला, शाळेच्या पटांगणासमोर, माळावर वाट चुकलेल्या मेंढ्यांची. जणू कोणी सगळा रस्ता हळूच उचलून उलटा अंथरला होता आणि गोष्टी मात्र होत्या तिथेच हवेत राहिल्या होत्या. आल्बान ऐकत होता. हे सगळं चूक होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी प्रत्येक पाटीमागे तिचा चेहरा उजळत होता.

वळण आलं. रोवन आला. त्याने गाडी इतकी सावकाश केली की ती जवळजवळ थांबलीच.

"एकवीस!" लिओबा हसू लागली. "डुकरं! अग बाई, ती डुकरं! एक तर थेट पाद्र्याच्या बागेत!" ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी आलं. डोक्यावरच्या रुमालाला तिने हात लावला नाही.

"इथे अजून काही झालं नव्हतं?" आल्बानने विचारलं. "या झाडापाशी?"

तिने झाडाकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग त्याच्याकडे जरा काळजीने बघत म्हणाली, "डुकरं कमी पडली का तुम्हाला?"

त्याने गियर टाकला. आपण त्या पाटीला ओळंबा लावला होता, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं.

देवदार संपले, माळ लागला आणि गाडी धुक्याच्या वर आली. वर आकाश निळं होतं. खाली दरी दुधाच्या घमेल्यासारखी. गवत पिवळं पडलं होतं आणि बिआंकाने यंदा खांब लवकर रोवले होते. लाल-पांढरे, दोन्ही कडांनी, न पडलेल्या बर्फाची वाट पाहत उभे.

"पंधरा," लिओबा म्हणाली. आणि पुढे काहीच बोलली नाही.

आल्बान थांबला. गाडीही थांबवली. ही पाटी नवी होती, पण आकडा जुनाच होता. तिसाच्या मधोमध पंधरा, कुठूनही मोजा. आयुष्यभर आकडे मोजूनही हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पंधराला काय झालं होतं?" त्याने विचारलं.

"पंधराला?" लिओबाने आठवून पाहिलं, घरातली सगळी कपाटं उघडून पाहावीत तसं. "पंधराला काही नाही. इथून कधी फोनच आला नाही." मग तिने दार उघडलं. "जरा बसू या. इथे कोणी बोलावणार नाही."

कडेला लाकडाचा एक ओंडका पडलेला होता. त्यावर दोघं बसली. वारा नव्हता. लांब कुठे गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, की दरीतल्या चर्चची धुक्यातून वर येत होती, ते कळत नव्हतं. लिओबाने हातरुमाल सोडला आणि केकचे दोन तुकडे केले. मोठा त्याला दिला.

"तुम्ही रस्त्यावरचे का हो?" तिने विचारलं.

"हो. अडतीस वर्षं."

"तरीच. रस्त्यावरची माणसं हळू खातात." ती त्याचे हात पाहत होती. "तुम्ही कितव्या किलोमीटरचे?"

आल्बानने बोटांवरचा भुगा पुसला. खोटा आकडा त्याने एकदाच सांगितला होता, तोही चुकून.

"नवव्याचा," तो म्हणाला.

लिओबाने रस्त्याकडे पाहिलं. आधी खाली, धुक्यात शिरणाऱ्या बाजूला. मग वर, जिथे पुढची पाटी उन्हात चमकत होती. त्या पाटीवर चौदा होतं.

"नऊ अजून पुढे आहे," ती म्हणाली.

आल्बानने तिच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. पुढे नवव्या किलोमीटरला काय होतं ते त्याला ठाऊक होतं. गुरांसाठी गवत आंबवायचा मोठा खड्डा, वर काळी ताडपत्री, त्यावर जुने टायर, आणि आंबूस वास. डुकरं तिथेच उधळली होती.

"हो," तो म्हणाला. "पुढे आहे."

"मग चला. ऊन आहे तोवर पोचू."

तिने त्याचा हात धरून स्वतःला उभं केलं, मांडीवरचा भुगा पाखरांसाठी झटकला आणि गाडीत जाऊन बसली. चौदा गेला. तेरा गेला. बाराला ती म्हणाली, "सहा महिन्यांचं कोकरू," आणि एवढंच. अकराला काहीच नाही. आल्बान सावकाश चालवत होता. खांब एकेक करून येत होते आणि मागे जात होते.

दहाची पाटी दिसली, तशी लिओबा सरसावून बसली आणि दोन्ही हातांनी डोक्यावरचा रुमाल सारखा करू लागली.