बैलाला तरी पाण्यावर सोडतात

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कापूस निवडणं. ओसरीवर ढीग, धुरपता काडीकचरा वेचतेय आणि मला म्हणतेय, तुमचे डोळे अधू झाले, तुम्ही नुसते बसा. संध्याकाळी भाकरी टाकून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही... महिना झाला. लोक म्हणतात, भाग्याची, हाल न होता गेली. भाग्याचा मी. अशी बायको मिळाली म्हणून माझी पोरगी आज माणसात आहे.

आमचं घर तापीच्या या काठाला, जैनाबादला. एकुलती मंजुळा पलीकडं बऱ्हाणपुरात, बुधवारा मोहल्ल्यात दिली होती. जावई गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकून, बोलणं साखरेचं. वर्ष झालं नाही तोच त्यानं पाणक्या लावला. मोहल्ल्यातल्या बायका पाण्याच्या कुंडीवर घागरी घेऊन उभ्या, आणि माझ्या पोरीच्या दारात पाणी. कासारीणही घरी यायची, बांगड्या हा स्वतः पसंत करायचा. पोरगी राणी झाली, असं मी गावभर सांगत फिरलो. धुरपता केळी घेऊन लेकीला भेटून आली आणि टोपली आपटून म्हणाली, "बैलाला तरी पाण्यावर सोडतात. हिला तेवढंही नाही."

मला उलगडेना. मग तिनं सांगितलं. कुंडीवर बाई चार बायकांशी बोलते, ते बंद. शेजारणीशी त्यानं भांडण काढलं, तिचं येणं बंद. माहेरी यायचं तर त्याला करमत नाही. देवळात चल म्हटलं तर पोरगी म्हणते, यांना विचारते. भाजी कोणती करू, तेही यांना विचारते. एकेक गोष्ट माया वाटते, सगळ्यांना पीळ दिला की दावं होतं. मी म्हणालो, त्यानं कधी हात तर उचलला नाही.

"कशाला उचलेल? न उचलताच पोरगी मान खाली घालून बसलीय."

आखाजीच्या सणाला लेक माहेरी आणायची रीतच. आणली, आणि धुरपतानं परत धाडली नाही. भाऊबंद म्हणाले, आईच लेकीचं घर मोडते. ती म्हणाली, घर कुठलं, कोंडवाडा होता. सुरुवातीला मंजुळा जेवायलासुद्धा परवानगी मागायची. ही म्हणायची, भूक तुझी, मला काय विचारतेस. पुढं एकदा पोरगी भाजीवालीशी तावातावानं भांडली, तर हिनं आळीत गूळ वाटला. जावई दरवर्षी डोळ्यांत पाणी आणून यायचा. ही त्याला ताक द्यायची, लेक नाही.

धुरपताला अग्नी दिला त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं तोच रडला. मग भाऊबंदांना गाठून म्हणाला, आता आई नाही, म्हातारा किती दिवसांचा, सकाळी नाव घेऊन येतो, हिला नेतो. सगळ्यांनी माना हलवल्या. मंजुळा भिंतीला टेकून बसली होती.

सकाळी मी तिला विचारलं, जायचंय का? नाही म्हणाली, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मी काठी घेऊन घाटावर गेलो. जावई नावेतून एक पाय काढत होता.

"आई मेली, बाप जिता आहे. जावईबापू, पाय आत घ्या."

त्यानं घेतला. नावाड्यानं वल्हं उचलायच्या आत मीच पाण्यात उतरून नाव ढकलली. धोतर मांडीपर्यंत भिजलं.