शालूचा ब्रेक

धायरीत रंगरावांचं घर विचारलं तर कुणी गल्ली नि नंबर सांगत बसत नाही. स्कूटरींचा गोठा आहे ना, तिथं, एवढंच सांगतात. गोठा म्हणजे खरोखरीचा गोठा. गाव पुण्यात गेलं, रान बिल्डिंगांखाली गेलं, म्हशी गेल्या. गोठा तेवढा राहिला. रिकाम्या गोठ्याकडं बघवत नाही म्हणून रंगरावांनी त्यात स्कूटरी बांधल्या. बांधल्या म्हणजे उभ्या केल्या हो, पण दावणीला अशा ओळीनं उभ्या असतात की तोंडातून बांधल्या असंच निघतं.

हे वेड काही एकदम लागलं नाही. पहिली स्कूटर हौसेची नव्हती, गरजेची होती. रंगराव भोसरीच्या बाजूला एका कारखान्यात फिटर होते. चेतक नोंदवली तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं, आणि नंबर लागला तेव्हा थोरला पोरगा शाळेत जायला लागला होता. आताच्या पोरांना खरं वाटत नाही, पण तेव्हा स्कूटरीची वाट मुलीला स्थळ बघावं तशी बघायचे, आणि स्थळ आधी यायचं.

आकाशी रंगाची चेतक दारात आली तेव्हा त्यांच्या बायकोनं, शालूनं, तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मी काय हिच्यावर बसायची नाही म्हणून सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी बसली. पदर खोचून, दोन्ही पाय डाव्या अंगाला सोडून, उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर गच्च. निघाली दोघं मंडईला. फाट्याच्या अलीकडं गतिरोधक आला आणि मागं डाव्या डिकीवर, चाकाशेजारच्या फुगीर पत्र्यावर, ठक् झालं. रंगरावांना वाटलं, दगड उडाला. पुढं खड्डा आला, पुन्हा ठक्. मंडईत उतरल्यावर विचारलं तर म्हणाली, "भ्या वाटलं की मी टाच दाबून धरते."

"त्यानं काय हुतं?"

"तुमी पाय दाबता, गाडी थांबती. मी दाबला तर कुठं बिघडलं?"

तेव्हापासून रंगराव सांगत सुटले की आपल्या गाडीला ब्रेक तीन, दोन कंपनीचे आणि एक घरचा.

आणि घरचा ब्रेक काही साधासुधा नव्हता. मंडईला जाताना, माहेराला जाताना, पोरांच्या शाळेत, दवाखान्यात, लग्नाकार्यात, जिथं गतिरोधक तिथं टाच. दोन-तीन वर्षांत डाव्या डिकीवरचा आकाशी रंग सुपारीएवढा गेला. मग खालचा करडा रंग दिसायला लागला. मग तोही गेला आणि विड्याच्या पानाएवढा उघडा पत्रा पडला, चप्पल घासून घासून आरशासारखा झालेला. रंगराव कधीमधी कुरकुरायचे. शालू म्हणायची, नीट चालवा, मग दाबायची नाही. पुण्यातल्या रस्त्यांवर नीट चालवणं कुणाच्या हातात आहे, तेव्हा ते भांडण तिथंच थांबायचं.

रंगराव निवृत्त झाले त्या सुमाराला लोकांनी जुन्या स्कूटरी भंगारात घालायला सुरुवात केली होती. एके दिवशी भंगाराच्या हातगाडीवर एक लँब्रेटा आडवी टाकलेली दिसली, हँडल खाली लोंबतंय. घेऊन आले घरी. आठ महिने तिच्याशी झटले. ती चालू झाली तेव्हा गल्लीत धूर झाला आणि रंगरावांच्या डोळ्यांत पाणी. ते धुरानं, असं ते सांगतात. मग एक व्हेस्पा आली, मग प्रिया, मग आणखी दोन. शालू गोठ्याच्या दारात उभी राहून म्हणायची, "म्हशी होत्या तवा निदान दूध तरी द्यायच्या." पण स्कूटरी पुसायला आपली जुनी पातळं फाडून तीच द्यायची, आणि कुठली गाडी कुठल्या पातळानं पुसायची तेही तिचं ठरलेलं असायचं.

हळूहळू नाव झालं. रविवारी जुन्या स्कूटरवाल्यांचा जथा निघायचा, त्यात आयटीतली पोरं, बँकेतले साहेब, एक दाताचे डॉक्टर, आणि सगळ्यांचं शेवटचं कोर्ट म्हणजे रंगराव. त्यांचा नियम एकच. गाडी कंपनीतून निघाली तशी दिसली पाहिजे. कुणी चकचकीत आरसे लावून आलं की शांतपणे विचारायचे, "नवरा कुठंय? वरात पुढं गेली का?" त्या पोरानं संध्याकाळपर्यंत आरसे काढलेले असायचे.

फक्त घरची चेतक तेवढी तशीच. टोमणे बसायचेच की आबा, जगाच्या गाड्यांना अभ्यंगस्नान आणि तुमची पारोशी. रंगराव म्हणायचे, असू दे. का असू दे, ते कधी सांगितलं नाही. आपल्याकडच्या पुरुषांना असलं काही सांगता येत नाही, जीभ जड होते. पावडरीचा डबा कुठं आहे ते मात्र घरभर ओरडून विचारतील.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी शालूच्या छातीत जड वाटायला लागलं. रिक्षा बोलावतो म्हणाले तर नको म्हणाली, गाडीनंच जाऊ, एवढंसं तर आहे. बसली मागं. फाट्याच्या अलीकडचा गतिरोधक आला. गाडी उचलली, खाली बसली.

ठक् झालं नाही.

खांद्यावरचा हात तर होता. रंगरावांनी विचारलं, अगं, बरी आहेस ना? ती हं म्हणाली. दवाखान्यात पोचवेपर्यंत तीन गतिरोधक लागले आणि तिन्ही मुके गेले. दोन दिवसांनी शालू गेली. डॉक्टरांनी पुष्कळ काय काय समजावून सांगितलं, पण रंगरावांना ते पहिल्या गतिरोधकालाच कळलेलं होतं.

मग एक नवीनच गोष्ट झाली. तो उघडा पत्रा, ज्याला तीस वर्षांत कधी गंज चढला नव्हता, तो महिन्याभरात तांबूस दिसायला लागला. पाय लागायचा म्हणून तो उजळ होता, हे तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. शालू डोक्याला लावायची त्या खोबरेलाची वाटी त्यांनी गोठ्यात नेऊन ठेवली. दर गुरुवारी आंघोळ झाली की एक बोट तेल त्या पानाएवढ्या पत्र्यावर फिरवायचे. कुणाला दिसलं नाही, किंवा दिसलं तरी म्हातारा गाडी पुसतोय असंच वाटलं.

त्यांच्या सुनेला, निकिताला, मात्र एक दिसलं होतं. आबा रोज त्या चेतकसमोर स्टूल टाकून बसतात. गुडघा वाकत नाही, खाली बसता येत नाही, बाकीच्या सगळ्या गाड्या सजल्या आणि आईंची गाडी तशीच राहिली, त्याचं मनाला लागलंय, असं तिनं ताडलं. पोरगी मायेची. चुकली ती एवढ्यातच.

यंदा रंगरावांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घराला पायऱ्या, म्हणून दीड महिना लेकीकडं खराडीला ठेवलं. तिथं लिफ्ट आहे, बाकी काही नाही. नवव्या मजल्यावरून स्कूटर मुंगीएवढी दिसते आणि आवाजही येत नाही. रंगराव तिथं पार वाळून गेले. अशात एका दुपारी फोन आला तेव्हा त्यांना केवढा हुरूप आला. फोन संतोषचा. धायरीतला रंगकाम करणारा, त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

संतोष म्हणाला, एका गिऱ्हाइकाची जुनी चेतक आली आहे. डाव्या डिकीवर रंग पार घासून पत्रा उघडा पडलाय. गंज मात्र कणभर नाही, नवलच आहे. तेवढं तसंच ठेवू की भरू?

रंगराव उशीला टेकून सावरून बसले. म्हणाले, "बाईमाणूस बसत असंल मागं. टाचेनं घासतंय ते. सगळ्यांच्याच गाडीला असतं."

"मग?"

"मग काय, ठिवून काय पूजा करायचीय? पत्रा पॉलिश पेपरनं खरवड, प्रायमर मार, पुट्टी भर, परत घास. डोळं मिटून हात फिरवला तरी कळता कामा नये."

बोलता बोलता त्यांना आपली गाडी आठवली आणि ते मनाशी हसलेही. आपल्या गाडीची गोष्ट वेगळी. फोन ठेवल्यावर लेकीला म्हणाले, बघ, अजून विचारावं लागतं त्यांना. त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

दीड महिन्यानं धायरीला परत आले. निकितानं दारातच त्यांच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि हळूहळू चालवत गोठ्यात नेलं. संतोष आधीच येऊन उभा होता. "आबा, सरप्राइज," असं म्हणून तिनं हात काढला.

समोर आकाशी चेतक. नवीकोरी. सीटखालच्या कोपऱ्यात मूळ रंगाचा एक तुकडा सापडला होता, तो घेऊन पोरगी नाना पेठेतली तीन दुकानं फिरली होती, तेव्हा कुठं ती छटा मिळाली. आबांनीच शिकवलेलं, छटा चुकली तर सगळं चुकलं. छटा चुकलेली नव्हती.

रंगराव काठी टेकत डाव्या बाजूला गेले. डिकीवर हात ठेवला. हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग डोळे मिटले आणि परत एकदा फिरवला.

संतोषला वाटलं, उस्ताद काम तपासतोय. तो फुशारून म्हणाला, "कळतंय का बघा, आबा. तुम्हीच सांगितलं हुतं ना फोनवर? ती हीच गाडी. वहिनी म्हणाल्या, नाव सांगायचं नाही."

निकिताचा चेहरा नवऱ्या मुलीसारखा फुललेला, डोळे आता काय म्हणतात म्हणून त्यांच्याकडं लागलेले. रंगरावांनी डोळे उघडले आणि तिच्याकडं बघितलं.

"ब्येस झाली," ते म्हणाले. "कुठं बोट ठेवायला जागा न्हाई."

निकिता रडायलाच लागली. तिला ती शाबासकी वाटली, आणि वाटावी म्हणूनच त्यांनी ते तसं म्हटलं होतं.

पुढच्या महिन्यात गुडघा सुटला आणि ती हट्टच धरून बसली की पहिली चक्कर मला. आताच्या मुली बसतात तशी दोन्हीकडं पाय टाकून बसली. फाट्याच्या अलीकडं रंगरावांनी गाडी उगाच हळू केली. गतिरोधक आला. ते कान लावून होते, ठक् आता व्हायचं नाही हे माहीत असूनसुद्धा. गाडी उचलली, खाली बसली.

"आबा, एकदम नवी वाटते ना?" निकितानं मागून विचारलं.

"व्हय. कंपनीतून निघाली तशी," ते म्हणाले. म्हणजे शालू अजून बसलीच नव्हती तेव्हाची.

घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतून शालूची चप्पल काढली. जड टाचेची, काळी. गोठ्यात नेऊन ती डिकीला लावूनसुद्धा बघितली. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. तीस वर्षांचं काम एका दुपारी कसं व्हायचं, आणि झालं तरी ते त्यांचं होईल, तिचं कुठलं. चप्पल पुसून परत ठेवली.

गुरुवार आला. आंघोळ झाली, पाय सवयीनं गोठ्याकडं वळले. स्टूल ओढलं, वाटीत बोट बुडवलं, आणि बोट तसंच हवेत राहिलं. तेलाचा थेंब खाली यायला लागला.

तेवढ्यात निकिता चहा घेऊन आली. "आबा, तेल कशाला?"

रंगरावांनी बोट वाटीच्या काठाला निपटलं.

"गुडघ्याला," ते म्हणाले.

"मग मला नाही का सांगायचं," असं रागावून तिनं चहा बाजूला ठेवला, खाली फरशीवर बसली, वाटी जवळ ओढली आणि त्यांचा गुडघा चोळायला लागली. ते नको म्हणाले नाहीत. समोर आकाशी चेतक उभी होती, उन्हात लखलखत. ते तिच्याकडं बघत होते आणि सून पायाला तेल लावत होती, वाटीतलं सगळं संपेपर्यंत.