गुणाजीची काढलेली दाढ

वाकोल्याच्या आमच्या चाळीत देवाशी थेट बोलण्याचा परवाना एकट्या गुणाजी घाडीकडे होता. सालाबादच्या सत्यनारायणाला गाऱ्हाणं तोच घालायचा. त्याने हात जोडून खणखणीत मालवणीत मागणं मागायचं आणि अख्ख्या चाळीने 'होय म्हाराजा' म्हणायचं. देव ऐकायचा की नाही ठाऊक नाही, नाक्यावरचा इराणी हॉटेलवाला मात्र ऐकायचा.

गिरणीत जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, तोंडावर उत्तर देणारा हा माणूस. संपात गिरणी गेली आणि तो अंधेरीच्या एका सोसायटीच्या फाटकावर उभा राहिला. गाडीतून कोणीही 'ए' म्हणावं, याने सलाम ठोकावा. उत्तर जिभेवर यायचं. ते दात आवळून आत ढकलायचा. दिवसभर हेच. वॉचमनचं खरं काम हेच असतं म्हणा, फाटक काय, वाऱ्यानेही उघडतं.

सत्त्याऐंशीच्या श्रावणात उजवी दाढ ठणकायला लागली. जवळच्या दातांच्या डॉक्टरला गुणाजीने बोटाने जागा दाखवली, त्याने बोटाच्या मागोमाग पकड लावली. ठणका शेजारच्या दाढेत गेला. तीही उपटली. डॉक्टरचा हात सफाईदार, एवढं कबूल करायला हवं. दोन्ही दाढा धडधाकट निघाल्या. दुखणं तेवढं आत राहिलं. पुढेपुढे गालाला टॉवेल लागला तरी गुणाजी कळवळायचा, कान धरून बसायचा. तोंड भाताच्या घासापुरतंही उघडेना.

पूजा तोंडावर आली. मंडळाचा सेक्रेटरी विद्याधर, बँकेतला माणूस, घरी आला.

"काका, तुम्ही आराम करा. मी गाऱ्हाणं शुद्ध मराठीत लिहून आणलंय. माइकवर वाचेन."

"देवाक अर्ज करतंस काय रे?" गुणाजी दातांतूनच बोलला.

त्याने तिसरी दाढ काढून मोकळं व्हायचं ठरवलं. बायको, पार्वती, आडवी आली. "आता चावतल्यात कशान? चला मोठ्या हॉस्पिटलात."

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दातांना हातच लावला नाही. गालाचा स्नायू दाबला.

"आई गे. दाढ, ती मागची."

"ती तर काढलीय."

गुणाजीने जिभेने चाचपून बघितलं. तिथे खड्डाच होता.

"दात आवळायची सवय आहे का?"

"नाय," गुणाजी दात आवळून म्हणाला. पार्वती छताकडे बघायला लागली.

बाई म्हणाल्या, "जबडा हलवणारा स्नायू सुजलाय. तिथल्या नसा मेंदूकडे सारखी तक्रार नेतायत. रोज तेच होऊन सगळी वाटच हळवी झालीय, म्हणून टॉवेलसुद्धा मार वाटतो. आणि स्नायू, दात, कान, सगळ्यांची तक्रार जवळजवळ एकाच वाटेने जाते. मेंदू पत्ता चुकतो."

"म्हंजे भांडान एका खोलयेत, आणि पोलीस नेतत शेजाऱ्याक."

"दोघांक नेल्यानी," पार्वती म्हणाली.

शेक, गोळ्या, मऊ भात. ओठ मिटायचे, पण दाताला दात लावायचा नाही. आणि महिनाभर ओरडणं बंद.

म्हणजे गाऱ्हाणं गेलं. घरी आल्यावर पार्वती म्हणाली, "मी घालतंय."

"बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता."

"मगे विद्याधर वाचांदे."

गुणाजीने दुपारभर विचार केला. शुद्ध मराठीपेक्षा बायको परवडली.

पूजेला पार्वती पदर सावरून उभी राहिली. "बा देवा म्हाराजा, लेकरांनी केलेली सेवा मान्य कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"माझ्या घोवाक फाटकार उलट बोलूची ताकद दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि ती घरात वापरूची नाय, अशी ताकीद दी रे म्हाराजा."

या वेळचा 'होय म्हाराजा' बायकांच्या बाजूने आला आणि इराण्याच्याही पलीकडे गेला असणार.

खिशातला कागद खिशातच ठेवून विद्याधर हसत म्हणाला, "पुढच्या वर्षीपण काकीच."

गुणाजीच्या गालाचा स्नायू टरारून वर आला. पार्वतीने जोडलेले हात न सोडता तिरकं बघितलं.

"अवो, दात सोडा."

चाळ सवयीने म्हणाली, "होय म्हाराजा."