गव्हर्नरांनी जुळवलेला अग्रलेख

विलो बेंडची जुनी माणसं लेम्युएल प्रॅदर यांना शेवटपर्यंत संपादकच म्हणत राहिली. वॉशिंग्टनहून ते या प्रदेशाचे गव्हर्नर झाल्याचा कागद आला, तो दिवस टॅबिथा वेल्डच्या मनातून कधी गेला नाही. त्यांच्या छापखान्यातली ती जुळारी, छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारी. संपादक खिळ्यांच्या खणांपुढे उभे होते, बोटं काळीशार. कागद वाचून म्हणाले, "हा रकाना आता कोण पुरा करणार?" आणि तो पुरा करूनच हात धुवायला गेले.

बावीस वर्षं ते असेच लिहीत आले होते. मनातलं वाक्य थेट शिशात उतरायचं, एकेक खिळा टिचटिच करत. हातात टाक आला की मात्र त्यांची वाचा बसायची. गव्हर्नर म्हणून पहिलं भाषण त्यांनी टाकाने लिहिलं आणि अर्धी विधानसभा पेंगली. तेव्हापासून महत्त्वाचं काही लिहायचं झालं, की दुपारी मागल्या दाराने ते छापखान्यात येत, कोट खुंटीला लावत, एप्रन बांधत. पेपर आता टॅबिथा चालवत होती.

त्या मार्चात विधानसभेने ठराव केला, की राजधानी विलो बेंडहून हलवून उत्तरेला, रेल्वेवरच्या हार्लनला न्यावी. गव्हर्नरांनी सही केली तर कचेऱ्या जाणार, खाणावळी ओस पडणार, सरकारी छपाई जाणार. त्या छपाईवाचून टॅबिथाचा पेपर एक हिवाळाही तगला नसता. ठराव परत पाठवला, तर गाव वाचलं. मुदत तीन दिवसांची.

तिसऱ्या दुपारी संपादक आले आणि विधानसभेला द्यायचं उत्तर जुळवायला खिळे उचलू लागले. समोर उभी राहून टॅबिथा वाचत होती. उलटे खिळे वाचायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

पहिल्या ओळीत विलो बेंडचं कौतुक होतं. तिचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या ओळीत उत्तरेची माणसं आली. जमिनीच्या एका कागदासाठी नऊ दिवस बैलगाडी हाकत येणारी. वाटेत पुरलेली लेकरं आली. तिसरी ओळ भरायच्या आत ती म्हणाली, "म्हणजे सही करताय."

"हो."

"या गावाने तुम्हाला भाकरी दिली, संपादक."

"दिली. जळकीच दिली, पण दिली."

"हसवू नका मला. मी काय खायचं?"

त्यांनी आणखी एक खिळा उचलून बसवला. मग म्हणाले, "त्याचं उत्तर माझ्याकडे असतं, तर तीन दिवस लागले नसते, टॅबी."

तिने मजकुराला शाई लावली, प्रूफ काढलं, एक सुटलेला स्वल्पविराम दाखवला. मग म्हणाली, "उद्या शुक्रवारच्या अंकात सालटी काढणार आहे तुमची."

"काढायलाच हवीत. कोण जुळवणार? तुझा जुळारी तर तापाने पडलाय."

"मीच."

"एकटीने जुळवता जुळवता शुक्रवार उजाडेल. तू सांग, मी जुळवतो."

ती बघतच राहिली. त्यांनी खिळे लावायची रिकामी स्टिक हातात घेतली होती. मग तिने भिंतीकडे तोंड करून सांगायला सुरुवात केली. "आमच्या गव्हर्नरांनी काल चूक केली..."

खिळे थांबले. "चूक नको," संपादक म्हणाले. "चूक नकळत होते. मी तीन दिवस विचार करून केलंय. 'घात' म्हण."

"म्हणवत नाही मला."

"सगळं गाव हा अंक वाचणार आहे, टॅबी. त्यांना वाटतंय ते छाप."

 ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "बरं. घात."

त्यांनी तो शब्द जुळवला आणि पुढच्या वाक्यासाठी मान वर केली.